कलम १४७ आणि फ्रान्त्स बर्नहाइमचा अर्ज

१२ मे १९३३ ही तारीख घातलेला एक अर्ज त्याच महिन्याच्या १७ तारखेला जिनिव्हातील राष्ट्रसंघाच्या कचेरीत दाखल झाला. अर्जदाराचे नाव फ्रान्त्स बर्नहाइम. जन्म १८९९ मधला, साल्झबुर्गचा. नागरिकत्व जर्मन, धर्म ज्यू. जर्मनी आणि पोलंडच्या सीमेवरच्या अप्पर सायलेशिया प्रांतात, ग्लाइविट्झ नावाच्या गावी, एका मोठ्या दुकानात तो दीड वर्षाहून अधिक काळ नोकरीला होता. ३० एप्रिल १९३३ रोजी त्याला कामावरून काढले. दुकानाने आपले सगळेच ज्यू नोकर काढले, त्यांतला तो एक.

हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. ज्यूंच्या दुकानांवरचा १ एप्रिलचा बहिष्कार होऊन गेला होता. ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी नोकरीतून आणि वकिलीतून बाहेर काढण्याची सोय करणारे कायदे झाले, २५ एप्रिलला शाळा-महाविद्यालयांतील त्यांची संख्या मर्यादित करणारा कायदा झाला. जर्मनीत पाच लाखांच्या आसपास ज्यू होते आणि हे कायदे त्या सर्वांना लागू होते. मग जिनिव्हात दाद मागायला नेमका एका दुकानातला नोकर कसा पोहोचला? अल्पसंख्यांच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणाचा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते या प्रश्नाने. त्याचे उत्तर अर्जदाराच्या दुःखात शोधून सापडत नाही. दुःख सर्वांचेच होते. उत्तर त्याच्या पत्त्यात आहे.

तो पत्ता समजण्यासाठी १९१९ पर्यंत मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन आणि ऑटोमन या चार साम्राज्यांच्या तुकड्यांतून युरोपात नवी राष्ट्रे उभी राहिली किंवा जुनी राष्ट्रे फुगली. प्रत्येकाच्या पोटात दुसऱ्या भाषेचे, दुसऱ्या धर्माचे लाखो लोक आले. पॅरिसच्या शांतता परिषदेने यावर उपाय काढला तो असा: राष्ट्र म्हणून मान्यता हवी असेल, वाढीव मुलूख हवा असेल, तर तुमच्या अल्पसंख्यांना समान नागरिकत्व, धर्मस्वातंत्र्य, स्वभाषेच्या शाळा देऊ असे लिहून द्या, आणि ते वचन पाळले जाते की नाही, हे राष्ट्रसंघ पाहील. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला, त्याच दिवशी पोलंडने असा पहिला करार केला. पाठोपाठ चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, रुमानिया, ग्रीस यांचे करार झाले. अल्बानिया, लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया यांनी पुढे तशाच घोषणा केल्या.

वचन लिहून घेणाऱ्यांनी स्वतः मात्र काहीच लिहून दिले नाही. ब्रिटनने आयर्लंडबाबत, फ्रान्सने ब्रेतान्य किंवा अल्सासबाबत, अमेरिकेने आपल्या काळ्या नागरिकांबाबत एक ओळही दिली नाही. त्याच परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशसमतेचे तत्त्व घालावे असा प्रस्ताव आणला. ११ एप्रिल १९१९ रोजी सतरापैकी अकरा मते त्याच्या बाजूने पडली, तरी अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून तो फेटाळला. रुमानियाच्या ब्रातियानू यांनी हा करार सही करण्यापेक्षा पंतप्रधानपद सोडणे पसंत केले. नव्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांचा संताप अल्पसंख्यांवरच्या रागातून आलेला होता हे खरेच. पण ‘आम्हालाच का?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पराभूत जर्मनीलाही स्वतःच्या मुलुखात असे बंधन नव्हते. अपवाद फक्त अप्पर सायलेशियाचा.

हा कोळशाचा, जस्ताचा, कारखान्यांचा प्रांत. २० मार्च १९२१ रोजी येथे सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के मते जर्मनीला, चाळीस टक्के पोलंडला. पण मते गावागावांत अशी मिसळलेली की सरळ रेघ ओढता येईना. राष्ट्रसंघाने बेल्जियम, ब्राझील, चीन आणि स्पेन यांच्या प्रतिनिधींची समिती नेमली, आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये प्रांताचे दोन भाग झाले. खाणी आणि कारखाने यांतला मोठा वाटा पोलंडकडे गेला. रेघेच्या दोन्ही बाजूंना ‘चुकीचे’ लोक उरले. म्हणून १५ मे १९२२ रोजी जर्मनी आणि पोलंड यांच्यात जिनिव्हा येथे पंधरा वर्षांच्या मुदतीचा करार झाला. त्यात सहाशेहून अधिक कलमे आहेत: रेल्वे, पाणी, वीज, चलन आणि अल्पसंख्यांचे हक्क. देखरेखीला कातोवित्से येथे मिश्र आयोग बसला, त्याचे अध्यक्ष स्वित्झर्लंडचे माजी राष्ट्राध्यक्ष फेलिक्स कालोंदर. लवादाचे न्यायालय पलीकडे जर्मन भागात, बॉयटनला.

या करारातले कलम १४७ फार लहान आहे. अल्पसंख्य गटातील व्यक्तीने, एकट्याने वा समूहाने, थेट राष्ट्रसंघाच्या कौन्सिलकडे केलेल्या अर्जावर निर्णय देण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, एवढेच ते म्हणते. त्यात काय मोठे, असे आज वाटेल. पण इतर सर्व अल्पसंख्य-करारांत ही सोय नव्हती. तेथेही अर्ज करता येई, पण १९२० मध्ये तित्तोनी या इटालियन प्रतिनिधीच्या अहवालाने ठरवून टाकले होते की अर्ज म्हणजे निव्वळ माहिती. त्या माहितीवरून कौन्सिलच्या एखाद्या सदस्याला वाटले तर तो प्रश्न उपस्थित करील. अर्जदार पक्षकार नव्हे. अर्ज आधी संबंधित सरकारकडे जाई, मग तीन सदस्यांच्या समितीकडे, आणि बहुतेक वेळा तिथेच पडून राही. १९२३ च्या नियमांनुसार अर्जाची भाषा जहाल असता कामा नये, हीसुद्धा अट होती. ज्याचे घर जळले त्याने संयमाने लिहावे, अशी ही अपेक्षा. सरकारी कचेरीत कधी अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला हे अनोळखी वाटणार नाही.

कलम १४७ ने ही सारी वळणे टाळली. अर्ज म्हणजे अर्ज. कौन्सिलने त्यावर काहीतरी ठरवलेच पाहिजे.

या कराराखाली त्याआधी काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. कलम १०६ प्रमाणे किमान चाळीस मुलांच्या पालकांनी मागणी केली की अल्पसंख्य भाषेची शाळा काढणे बंधनकारक होते. (१९४९ मध्ये आपल्याकडे प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणासाठी वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले ही अट ठरवली. आकडा तोच आहे. योगायोगच असावा.) १९२६ मध्ये पोलिश भागात हजारो पालकांनी आपली मुले जर्मन शाळांत घातली. ही मुले मुळात पोलिश बोलणारी आहेत, जर्मन खाणमालकांच्या दबावाने वा चांगल्या शाळेच्या मोहाने आईबापांनी त्यांना तिथे घातले, असे म्हणत पोलिश अधिकाऱ्यांनी चौकशी मांडली आणि सात हजारांहून अधिक मुलांचे प्रवेश रद्द केले. कालोंदर यांचे मत पालकांच्या बाजूने पडले; पोलंडने ते मानले नाही. प्रकरण कौन्सिलपुढे गेले, आणि कौन्सिलने १९२७ मध्ये मौरर नावाचे एक स्विस शिक्षणतज्ज्ञ पाठवले. त्यांचे काम एकच: मुलाला शाळेत शिकण्याइतके जर्मन येते का, हे तपासणे.

खाणीच्या गावातले सात-आठ वर्षांचे पोर, घरात पोलिश आणि जर्मन यांची खिचडी असलेली बोली, आणि समोर राष्ट्रसंघाने धाडलेला परीक्षक. त्या पोराच्या तोंडून पहिला शब्द कोणत्या भाषेत निघतो, यावर दोन राष्ट्रांचे डोळे लागलेले. सीमाभागातल्या ज्यांच्या घरी आई एका भाषेत रागावते आणि आजी दुसऱ्या भाषेत समजावते, त्यांना ही परीक्षा किती निरर्थक होती हे मी सांगायला नको.

जर्मनी हा वाद घेऊन हेगच्या कायम आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २६ एप्रिल १९२८ च्या निकालाने दोघांनाही अर्धे अर्धे दिले. माणूस अल्पसंख्य आहे की नाही हा त्याच्या मर्जीचा नसून वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे पोलंडचे म्हणणे न्यायालयाने मानले. पण पालकाने एकदा तसे सांगितले की त्याची शहानिशा करण्याचा, त्याला आव्हान देण्याचा अधिकार सरकारला नाही, हे जर्मनीचे म्हणणेही मानले. करारातच तसे लिहिले होते. अल्पसंख्यांच्या हक्कांवरच्या आजवरच्या लिखाणात याहून शहाणपणाचे कलम मला आढळलेले नाही. तू कोण, हे ठरवणे सरकारकडे गेले की बाकीच्या सर्व हक्कांची किल्ली सरकारकडे जाते.

या सर्व वर्षांत जर्मनी पोलंडमधल्या जर्मनांचा कैवारी होता. १९२६ मध्ये राष्ट्रसंघात आल्यापासून स्ट्रेझमान आणि त्यांच्यानंतरचे परराष्ट्रमंत्री अल्पसंख्यांच्या हक्कांवर जिनिव्हात आवेशाने बोलत. आणि १९३३ मध्ये नेमका हाच करार जर्मनीच्या अंगावर आला.

बर्नहाइम काही पुढारी नव्हता. नोकरी गेल्यावर तो प्रागला पोहोचला. ज्यू शिष्टमंडळांच्या समितीचे लिओ मोट्झकिन आणि चेकोस्लोव्हाकियातले वकील एमिल मार्गुलिस तेव्हा असाच माणूस शोधत होते: अप्पर सायलेशियाच्या जर्मन भागात राहणारा, प्रत्यक्ष नुकसान सोसलेला आणि सहीला तयार असलेला. शेवटची अट सर्वांत अवघड. ज्यांचे नातेवाईक जर्मनीत होते, ते सही कशी करणार?

अर्ज कोरडा आहे. कायद्यांची नावे, त्यांतली कलमे, करारातल्या कोणत्या कलमांचा भंग झाला त्याची यादी, अर्जदाराच्या नोकरीचा तपशील, आणि मागणी: हे कायदे अप्पर सायलेशियापुरते निष्प्रभ ठरवावेत, काढलेल्यांना परत घ्यावे, भरपाई द्यावी. सबंध जर्मनीतल्या ज्यूंविषयी जगभर निषेधसभा चालू होत्या. या कागदात निषेधाचा शब्द शोधावा लागतो.

प्रकरण मांडण्याची जबाबदारी आयर्लंडचे प्रतिनिधी शॉन लेस्टर यांच्याकडे आली. लेस्टर हे अँट्रिममधल्या प्रॉटेस्टंट घरातले, आणि प्रतिनिधी कॅथलिक बहुसंख्येच्या राष्ट्राचे. अल्पसंख्य असणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. २६ मे रोजी जर्मनीचे प्रतिनिधी फॉन केलर यांनी कौन्सिलपुढे निवेदन केले की जर्मनीचे अंतर्गत कायदे आंतरराष्ट्रीय कराराला बाधा आणू शकत नाहीत. कराराचा भंग झाला असेल तर तो खालच्या अधिकाऱ्यांच्या गैरसमजामुळे. खालचा अधिकारी हा जगातल्या प्रत्येक सरकारचा फार उपयोगी नोकर आहे. पुढे केलर यांनी हरकत घेतली की बर्नहाइम मूळचा अप्पर सायलेशियाचा नाही, त्याचे नागरिकत्व वुर्टेम्बर्गकडून आलेले, तेव्हा त्याला या कराराखाली अर्जाचा अधिकारच नाही. कौन्सिलने हा मुद्दा तिघा कायदेपंडितांकडे दिला: माक्स हूबर, मोरिस बुर्कां आणि मानुएल पेद्रोसो. तिघांनी सांगितले की करारात मूळचा असण्याची अट कुठेही नाही. ६ जूनला लेस्टर यांचा अहवाल मंजूर झाला. जर्मनी आणि इटली तटस्थ राहिले, विरोधात कोणीच मत दिले नाही.

आणि मग जे घडले, त्यावर एरवी विश्वास बसला नसता. जर्मनीने अप्पर सायलेशियात ते कायदे मागे घेतले. काढलेले ज्यू वकील, डॉक्टर, सरकारी नोकर तिथे पुन्हा कामावर येऊ लागले. ऑक्टोबर १९३३ मध्ये जर्मनीने राष्ट्रसंघ सोडत असल्याचे जाहीर केले, तरी हा करार पोलंडबरोबरचा असल्यामुळे तो टिकून राहिला. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले. ब्रेस्लाऊत ते लागू झाले आणि त्याच रेल्वेमार्गावर पुढे असलेल्या ग्लाइविट्झमध्ये झाले नाहीत. छळ, बहिष्कार, शिवीगाळ चालूच होती. तरीही सुमारे दहा हजार ज्यूंसाठी, हिटलरच्याच जर्मनीत, कायद्याचे एक बेट चार वर्षे शाबूत राहिले.

याचे श्रेय कोणाला द्यायचे? राष्ट्रसंघाच्या नैतिक वजनाला ते देणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याच कौन्सिलच्या नैतिक वजनाने बर्लिनमधल्या एकाही ज्यू वकिलाची सनद वाचली नाही. खरे कारण सीमेपलीकडचे आहे. करार मोडला असता तर पोलिश भागातल्या जर्मनांच्या शाळा आणि संस्था पोलंडच्या तडाख्यात सापडल्या असत्या. म्हणजे ज्यूंचे रक्षण झाले ते पलीकडच्या जर्मनांच्या आडोशाने. आपली माणसे दुसऱ्याच्या हातात आहेत, ही भीती हीच या व्यवस्थेतली एकमेव चालती वाफ होती. ज्या अल्पसंख्यांमागे कुठलेही राष्ट्र उभे नव्हते, त्यांना ती व्यवस्था फारसे काही देऊ शकली नाही. बर्नहाइमला ती मिळाली, कारण ते आडोसा देणारे कलम आणि थेट अर्जाचे कलम एकाच करारात होते.

१९३३ मध्ये जर्मनीला खडसावणाऱ्यांत पोलंडचे प्रतिनिधी पुढे होते. १३ सप्टेंबर १९३४ रोजी पोलंडचे परराष्ट्रमंत्री बेक यांनी त्याच जिनिव्हात जाहीर केले की सर्व राष्ट्रांना समान लागू होणारी व्यवस्था येईपर्यंत पोलंड अल्पसंख्यांच्या देखरेखीत सहकार्य करणार नाही. ‘आम्हालाच का?’ हा १९१९ चा प्रश्न आता हत्यार झाला होता. १५ जुलै १९३७ रोजी पंधरा वर्षांची मुदत संपली आणि कालोंदर यांचा आयोग गुंडाळला गेला. जर्मन सरकारने न्यूरेंबर्गचे कायदे तिथे आणायला वेळ लावला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये ग्लाइविट्झचे सिनेगॉग जाळले. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री पोलंडने हल्ला केल्याचे नाटक रचण्यासाठी नाझींनी जे रेडिओ केंद्र निवडले, तेही ग्लाइविट्झचेच. ऑशविट्झ तेथून जवळच आहे.

ही व्यवस्था कोसळत असताना हेगच्या न्यायालयाने तिच्यातले सर्वांत टिकाऊ वाक्य लिहून ठेवले. अल्बानियाने १९३३ मध्ये राज्यघटना बदलून सर्वच खासगी शाळा बंद केल्या. ग्रीक अल्पसंख्यांच्या शाळाही त्यात गेल्या. बहुसंख्यांच्याही शाळा बंद केल्या, मग यात विषमता कुठली, असा अल्बानियाचा युक्तिवाद. ६ एप्रिल १९३५ रोजी आठ विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने सांगितले की कायद्यातली समता पुरेशी नाही, प्रत्यक्षातली समताही हवी. बहुसंख्यांची गरज सरकारी शाळा भागवतात, अल्पसंख्यांची भागवत नाहीत, म्हणून सारखी बंदी ही सारखी वागणूक ठरत नाही.

या मताची गाठ मला पहिल्यांदा पडली ती युरोपच्या इतिहासात नव्हे, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७४ च्या निकालात. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजने गुजरातच्या विद्यापीठ कायद्याला आव्हान दिले होते. नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे राज्यघटनेच्या ३० व्या कलमाचा अर्थ लागत होता, आणि न्या. हंस राज खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात अल्बानियाच्या शाळांचा आधार घेतला. राष्ट्रसंघ बुडून तोवर जवळजवळ तीन दशके झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने अल्पसंख्य हा शब्दच टाळायला सुरुवात केली. सुडेटन जर्मनांच्या नावाने हिटलरने चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर ते समजण्यासारखेही होते. आता व्यक्तीचे मानवी हक्क मांडायचे, गटाचे नाही. पण याच वेळी अर्जाचे दारही बंद झाले. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते; अस्पृश्यांच्या वतीने तसेच पाऊल उचलण्याचा त्यांचा विचार होता आणि त्यांना त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. ३१ जुलैला डुबॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाने ठरवले की आलेल्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही. तित्तोनी यांची ‘माहिती’ निदान एखाद्या समितीपुढे तरी जात असे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा मसुदा घटना समितीसाठी प्रसिद्ध केला, तो या पार्श्वभूमीवर वाचावा. हक्क लिहून ठेवण्याइतकाच भर त्यात हक्क मोडल्यावर काय करायचे यावर आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत, आजचे ३२ वे कलम चर्चेला असताना, थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हा हक्क म्हणजे संपूर्ण घटनेचा आत्मा आहे, असे ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर झाला. त्यात अल्पसंख्यांवर एकही कलम नाही. त्यांच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येत नाही, पण सर्वांना लागू पडणारा तोडगा अवघड आहे, अशा अर्थाचा वेगळा ठराव त्याच दिवशी करण्यात आला. कलम आले ते १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात, सत्ताविसावे, आणि तेही नकारार्थी: अल्पसंख्य गटातील व्यक्तींना आपली संस्कृती, धर्म, भाषा नाकारली जाणार नाही. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. व्यक्तीला समितीकडे अर्ज करू देणारा जोडकरार मात्र भारताने स्वीकारलेला नाही.

आपल्या घटनेतही दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. २९ आणि ३० व्या कलमांचा भंग झाला तर माणूस न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. १९५६ मध्ये, भाषावार राज्यरचनेच्या वेळी, सातव्या दुरुस्तीने ३५०-ब हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. जेथे अल्पसंख्यांचे प्रमाण पंधरा टक्के वा अधिक, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हे केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणांपैकी एक. बेळगावकडची मराठी माणसे याच आधारावर वर्षानुवर्षे या अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवत आली आहेत. अर्ज स्वीकारला जातो, राज्य सरकारकडे खुलाशासाठी जातो, खुलासा आला किंवा न आला तरी त्याची नोंद वार्षिक अहवालात होते. अहवाल राष्ट्रपतींना सादर होतो आणि संसदेच्या पटलावर ठेवला जातो.